गोष्ट निर्णयाची सांगा: स्वतःच्या कथेतून टिकाऊ ब्रँड कसा उभा करावा

व्यवसायांची ‘आमच्याविषयी’ ही पानं एकदा सलग वाचून पाहा. लहानपणापासूनची आवड, हाताशी काही नसताना केलेली सुरुवात, वाटेतली संकटं, घरच्यांचा पाठिंबा, जिद्द आणि मग आजचं यश. वरचं नाव झाकलं तर पान वकिलाचं की फर्निचरवाल्याचं, हे ओळखता येत नाही. यातलं काही खोटं असतं असं नाही. पण कष्ट सगळ्यांनीच उपसलेले असतात, त्यामुळे कष्टांच्या गोष्टीवरून कुणी लक्षात राहत नाही.

लक्षात राहतो तो निर्णय. सोपा आणि फायद्याचा रस्ता समोर होता, तरी तुम्ही दुसरा धरला, त्यापायी काहीतरी गमावलं, आणि तो निर्णय आजही तुमच्या कामात ग्राहकाच्या हाताला लागतो. एवढं ज्या गोष्टीत आहे, ती वर्षानुवर्षं कामाला येते.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला घेतली. त्यातूनच पुढे एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांची खेळणी बनवणारी लेगो उभी राहिली. कंपनी अजूनही एक जुनी हकिकत सांगते. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने एकदा लाकडी बदकांना व्हार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवले म्हणून खुशीत वडिलांना सांगितलं. वडिलांनी त्याला स्टेशनवर गेलेल्या पेट्या परत आणायला लावल्या आणि राहिलेला हात रातोरात एकट्याने द्यायला लावला. या गोष्टीत गरिबीचं वर्णन नाही, डोळ्यांतलं पाणी नाही. फक्त तिसरा हात आहे. आणि १९५८ साली पेटंटसाठी नोंदवलेल्या रचनेची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते, म्हणून ती गोष्ट पटतेही.

तुमचा व्यवसाय एकट्याचा असो की शंभर जणांचा, अशी गोष्ट शोधायची, पारखायची, लिहायची आणि टिकवायची पद्धत पुढे दिली आहे. शोधणं आणि पारखणं यांत सर्वांत जास्त वेळ जातो. लिहिणं त्यामानाने लवकर उरकतं.

पायरी १: कशासाठी ओळखलं जायचंय ते एका वाक्यात लिहा

गोष्ट शोधण्याआधी हे वाक्य हवं, कारण आयुष्यात गोष्टी ढीगभर असतात आणि प्रत्येक आपल्याला महत्त्वाचीच वाटते. वाक्य असं लिहा की त्याचं उलट वाक्यसुद्धा एखादा शहाणा व्यावसायिक अभिमानाने लिहू शकेल. ‘आम्ही दर्जेदार काम करतो’ याचं उलट कुणीच लिहिणार नाही, म्हणून ते वाक्य निरुपयोगी. ‘आम्ही एका वेळी तीनच कामं घेतो’ हे चालेल, कारण ‘आम्ही कितीही मोठं काम झटपट उरकतो’ हासुद्धा कुणाचा तरी खरा दावा असू शकतो. बाजू घेतल्याशिवाय गोष्टीला जागाच मिळत नाही.

वाक्य सुचत नसेल तर अडून बसू नका. कच्चं लिहून पुढे जा. पुष्कळदा गोष्ट सापडल्यावर वाक्य आपोआप दुरुस्त होतं.

पायरी २: कच्चा माल गोळा करा

‘माझी कथा काय?’ असा प्रश्न स्वतःला विचारला की डोक्यात इतरांच्या कथांचे साचेच येतात. त्याऐवजी बारीक आणि रोखठोक प्रश्न घ्या, आणि उत्तरं पूर्ण वाक्यांत, तारखांसकट, जशी आठवतील तशी उतरवा. मला उपयोगी वाटणारे प्रश्न हे:

- कोणतं काम, कोणता ग्राहक किंवा कोणता पैसा तुम्ही जाणूनबुजून नाकारला?
- तुमच्या क्षेत्रात सगळे करतात, पण तुम्ही करत नाही अशी गोष्ट कोणती? ती कधीपासून बंद केली? त्या दिवशी काय झालं होतं?
- कुणाचं काम पाहून ‘हे असं नको’ असं वाटलं होतं?
- कोणत्या बाबतीत तुमचे सहकारी तुम्हाला हट्टी म्हणतात?
- एखादं पूर्ण झालेलं काम तुम्ही परत उलगडून नव्याने केलंय का? का?
- तुमच्याकडे आधी कोणती साधनं नव्हती, आणि त्या अभावातून कोणती पद्धत रूढ झाली?

शेवटच्या प्रश्नातून कधीकधी हिरा निघतो. अनिता रॉडिक यांनी १९७६ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये ‘द बॉडी शॉप’ हे सौंदर्यप्रसाधनांचं दुकान सुरू केलं, तेव्हा पुरेशा बाटल्या विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ग्राहकांना त्याच बाटल्या पुन्हा भरून देण्याची पद्धत पडली. नड होती. तिचं पुढे धोरण झालं आणि धोरणाची ओळख झाली.

एवढ्यावर थांबू नका. तुमची आठवण हा एकच स्रोत असेल तर गोष्ट तुमच्या सोयीची होते. तीन-चार जुन्या ग्राहकांना विचारा: आमच्याबद्दल दुसऱ्याला सांगताना तुम्ही काय सांगता? ‘आमच्यात काय आवडतं’ असं विचारलं तर भिडेखातर गोड उत्तरं मिळतात, ‘दुसऱ्याला काय सांगता’ याचं उत्तर मात्र बरंचसं खरं येतं. ते शब्दशः लिहून घ्या. पहिल्या दिवसांतल्या सहकाऱ्यांशी बोला. जुने ईमेल, पहिली बिलं, फसलेले नमुने, फोटो, वहीच्या कडेला खरडलेले आकडे हे सगळं बाहेर काढा. लोक आपल्याबद्दल जी हकिकत सांगतात, ती आपल्या आठवणीत नसतेच, असा अनुभव या टप्प्यावर बऱ्याच जणांना येतो.

पायरी ३: पारखून घ्या

गोळा केलेल्या प्रसंगांतून दोन किंवा तीनच ठेवायचे आहेत. चार कसोट्या लावा.

निर्णय तुमचा होता का? नशिबाने घडलेली, कुणीतरी दिलेली संधी ऐकायला छान असते, पण त्यातून तुम्ही उद्या कसे वागाल हे कळत नाही. ग्राहकाला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

त्यापायी काही गमावलं का? यव्हॉन शुइनार्ड हे १९५७ सालापासून गिर्यारोहणाचे लोखंडी खिळे, म्हणजे पिटॉन, स्वतः घडवून विकत होते. धंद्याचा कणा तोच होता. पण पुन्हा पुन्हा ठोकून-उपसून कडे विद्रूप होताहेत हे दिसल्यावर त्यांनी तो माल आवरता घेतला आणि १९७२ च्या कॅटलॉगमध्ये हातोड्याविना खडकाच्या फटीत बसणाऱ्या साधनांचा पुरस्कार केला. त्यांची पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी १९७३ ची. पुढे २०११ मध्ये ‘ब्लॅक फ्रायडे’ या अमेरिकेतल्या ऐन खरेदीच्या दिवशी ‘हे जाकीट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात याच कंपनीने दिली, आणि २०२२ मध्ये शुइनार्ड कुटुंबाने मालकी एका ट्रस्टकडे व पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे सोपवली. नंतरच्या या दोन्ही गोष्टी विश्वसनीय वाटतात, कारण आपलाच खपणारा माल बाजूला सारण्याची मूळ गोष्ट आधी घडून गेली होती. काहीच न गमावता घेतलेल्या निर्णयाला लोक तत्त्व मानत नाहीत, आणि मानूही नये.

आज पुरावा दिसतो का? या कसोटीवर निम्म्याहून जास्त गोष्टी गळतात. ‘मला पारदर्शकता महत्त्वाची वाटते’ असं सांगणाऱ्याच्या दरपत्रकात तीन ठिकाणी ‘अटी लागू’ असेल, तर गोष्ट कितीही हृद्य असो, ठेवू नका. किंवा आधी दरपत्रक दुरुस्त करा.

दुसऱ्याला सांगता येते का? एखाद्याला एकदाच ऐकवा आणि दोन दिवसांनी त्याच्याकडून ऐका. जे गळलं ते गळू द्या. जे राहिलं तीच तुमची गोष्ट.

पायरी ४: खरेपणा तपासा आणि इतरांची संमती घ्या

मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की गोष्टीत गुंगून गेलेल्या वाचकाची मतं गोष्टीच्या बाजूने झुकतात आणि त्यातली खटकणारी ठिकाणं त्याला कमी दिसतात. गोष्ट खरी आहे की रचलेली, हे आधी सांगितल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे हत्यार धारदार आहे, आणि ऐकणारा बेसावध असतो. म्हणून तपासणीची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

रचलेल्या गोष्टीचं प्रसिद्ध उदाहरण ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटचं. संस्थापक पिअर ओमिड्यार यांनी आपल्या वाग्दत्त वधूला पेझ या गोळ्यांच्या खेळण्यासारख्या डब्या जमवता याव्यात म्हणून ही साइट काढली, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. प्रत्यक्षात पत्रकारांना रस वाटावा म्हणून कंपनीच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या कर्मचारी महिलेने १९९७ मध्ये ती कथा पुढे केली होती, हे नंतर उघड झालं. गंमत म्हणजे खरी हकिकत जास्त चांगली आहे. १९९५ मध्ये साइटवर विकली गेलेली पहिली वस्तू मोडका लेझर पॉइंटर होती आणि ती १४.८३ डॉलरला गेली. तो मोडका आहे हे समजलंय ना, असं ओमिड्यार यांनी विचारलं, तेव्हा घेणाऱ्याने आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो असं कळवलं. जगातल्या कुठल्याही वस्तूला कुठेतरी गिऱ्हाईक असतं, हे ईबेचं सगळं म्हणणं या एका सौद्यात आलं आहे. खोट्याची गरजच नव्हती.

थेरानोस या अमेरिकेतल्या रक्ततपासणी कंपनीचं प्रकरण याहून गंभीर. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी कंपनी काढली. सुईची भीती आणि आजाराने गेलेले काका ही त्यांची सार्वजनिक गोष्ट अनेकांना भिडली. पण थोड्याशा रक्तात अनेक तपासण्या करण्याचा दावा यंत्राला पेलत नव्हता, आणि जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपांवर त्या दोषी ठरल्या. इथे भावना खरी होती की नाही हा मुद्दाच गौण आहे. गोष्ट उत्पादनाच्या जागी उभी केली गेली.

व्यवहारात करायचं ते असं. गोष्टीतल्या प्रत्येक तथ्याशेजारी पुरावा लिहा: बिल, ईमेल, साक्षीदार. पुरावा नसेल तर ‘साधारण’, ‘त्या सुमारास’ असे शब्द वापरा किंवा तो तपशील काढा. गोष्टीत दुसरं माणूस येत असेल, मग ते आई-वडील असोत, जुना भागीदार असो की पूर्वीचा मालक, त्याला मजकूर आधी दाखवा. त्याला नको असेल तर ओळख पटणार नाही असं लिहा, किंवा प्रसंगच सोडा. जुन्या नोकरीच्या गुप्ततेच्या अटी वाचून घ्या. मुलांच्या आजारपणाच्या, घरातल्या भांडणाच्या गोष्टी तर मी सरळ बाजूला ठेवायला सांगतो. मोठं झाल्यावर त्या मुलाला इंटरनेटवर हे सापडणार आहे. आरोग्य किंवा पैशाशी संबंधित सेवा असेल तर ‘मला गुण आला’ या अनुभवातून ‘तुम्हालाही येईल’ असा अर्थ निघणार नाही, याची काळजी मजकुरातच घ्या.

पायरी ५: लिहा, आणि मग निम्मं काढा

समजा, एक बाई हाताने बांधलेल्या वह्या विकतात. त्यांचा पहिला मसुदा बहुधा असा असेल:

‘मला लहानपणापासून वह्यांचं वेड होतं. नोकरीत मन रमत नव्हतं. अखेर धाडस करून मी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला असंख्य अडचणी आल्या, पण मी हार मानली नाही. आज आमच्या वह्या दर्जा आणि आपुलकीसाठी ओळखल्या जातात.’

आता त्यांनी वरच्या पायऱ्या केल्या आहेत असं धरून दुसरा मसुदा:

‘मी एका ग्रंथालयात जुन्या नोंदवह्या सांभाळायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या शिवलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या की सपाट उघडायच्या. दहा वर्षांपूर्वीच्या, नुसत्या चिकटवलेल्या वह्या उघडल्या की पानं सुटून हातात यायची. स्वतः वह्या करायला लागले तेव्हा मी जुजबंदीच करायची असं ठरवलं, म्हणजे पानांचे जुज (छोटे गठ्ठे) दुमडून दोऱ्याने शिवायचे. पहिल्याच वर्षी एक मोठी ऑर्डर आली, पण मुदत एवढी कमी की वह्या चिकटवाव्याच लागल्या असत्या. मी ती सोडली. त्या वर्षी मदतनिसांचा पगार माझ्या साठवलेल्या पैशांतून दिला. आजही आमची प्रत्येक वही शिवलेली असते. कुठल्याही जुजाचं मधलं पान उघडा, दोरा दिसेल.’

दुसऱ्या मसुद्यात ‘जिद्द’, ‘आपुलकी’, ‘दर्जा’ यांतला एकही शब्द नाही. ते गुण वाचकाने स्वतः काढायचे आहेत, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही. क्रमही पाहा: काय दिसलं, काय ठरवलं, कसोटीचा प्रसंग, काय गेलं, आज ते कुठे दिसतं. शेवटचं वाक्य वाचकाला पुरावा हातात घ्यायला लावतं. हा क्रम सगळ्यांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण ‘आज ते कुठे दिसतं’ हा भाग मात्र कधीच गाळू नका.

लिहिताना काही सवयी उपयोगी पडतात. जन्मापासून सुरू करू नका. निर्णयाच्या जितकं जवळून सुरू करता येईल तितकं करा. विशेषणांच्या जागी वस्तू, आकडा किंवा कृती घाला. जेम्स डायसन यांनी बिनपिशवीचा व्हॅक्युम क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ नमुने केले, हा आकडा ‘अथक प्रयत्न’ या शब्दांपेक्षा किती तरी अधिक सांगतो. मात्र एका गोष्टीत असा आकडा एकच पुरे. दोन-तीन झाले की अहवाल वाचल्यासारखं वाटतं. बोलताना जे शब्द वापरता तेच लिहा. मसुदा मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल किंवा स्वतःचीच लाज वाटेल ते वाक्य काढा. एआयच्या साधनांकडून मसुदा करून घ्यायला हरकत नाही, पण पायरी २ चा कच्चा माल न देता सांगितलंत तर वरचा पहिला मसुदाच जरा चकचकीत होऊन परत येईल.

पायरी ६: उणिवा किती सांगायच्या

स्वतःच्या चुका, अपयश, हळवे क्षण उघड करा म्हणजे लोक जोडले जातात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. एलियट अ‍ॅरनसन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एक स्पर्धक ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसरा ३० टक्के. काही फितींत शेवटी स्पर्धकाच्या हातून कॉफी सांडते. हुशार स्पर्धकाने कॉफी सांडली तेव्हा तो आणखी आवडला, सामान्य स्पर्धकाने सांडली तेव्हा तो आणखी नावडता झाला. म्हणजे उणीव आपल्या बळावर जवळीक निर्माण करत नाही. आधी काम येतं हे दिसावं लागतं. नव्या व्यवसायाने पहिल्याच पानावर आपले गोंधळ सांगू नयेत ते यासाठी. आधी काम दाखवा, मग कॉफी सांडा.

प्रतिकूल परिस्थितीतून वर आल्याच्या गोष्टीचंही तसंच. नीरू पहारिया, अनत केनान, जिल एव्हरी आणि ज्युलिएट शोर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा ‘दुबळ्या बाजूच्या’ ब्रँडकडे ग्राहक ओढले जातात असं आढळलं. पण त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: बाहेरची अडचण आणि आतली तळमळ. नुसती अडचण पुरत नाही. आणखी एक कामाचा निष्कर्ष असा की हा परिणाम स्वतःसाठी खरेदी करताना जास्त, दुसऱ्यासाठी करताना कमी दिसतो. तुमची वस्तू प्रामुख्याने भेट म्हणून घेतली जात असेल, तर संघर्षापेक्षा कारागिरीच्या निर्णयाची गोष्ट पुढे करा.

जखम ताजी असेल तर थांबा. ज्या प्रसंगाबद्दल अनोळखी माणसाने टोचून विचारलं तर तुम्ही शांतपणे उत्तर देऊ शकणार नाही, तो प्रसंग अजून सार्वजनिक करण्याजोगा झालेला नाही.

पायरी ७: तीन मापांत तयार ठेवा

एकच मजकूर सगळीकडे चिकटवला की तो कुठेच बसत नाही. तीन मापं करा. एका वाक्याचं, कुणी ‘तुम्ही काय करता?’ विचारल्यावर सांगायला: ‘मी वह्या बांधते, एकही चिकटवत नाही, सगळ्या शिवते.’ एका मिनिटाचं, भेटीत किंवा व्हिडिओत सांगायला, साधारण सव्वाशे शब्दांचं. आणि पूर्ण पान, ज्यात प्रसंग, माणसं, फोटो सावकाश येतील.

एका वाक्याच्या मापावर सर्वांत जास्त घाम गाळा, कारण लोक तेच पुढे नेतात. पूर्ण पान फार थोडे वाचतात, पण जे वाचतात ते मोठी खरेदी करणारे, नोकरीला येऊ पाहणारे किंवा बातमी लिहिणारे असतात, म्हणून ते कच्चं ठेवून चालत नाही.

पायरी ८: योग्य जागी ठेवा

गोष्ट तिथे ठेवा जिथे ग्राहकाच्या मनात तिच्याशी जुळणारा प्रश्न येतो. ‘एवढं महाग का?’ हा प्रश्न दराजवळ येतो, म्हणून जुजबंदीचं वाक्य दराशेजारी हवं. ‘एवढा वेळ का?’ हा प्रश्न ऑर्डर दिल्यानंतर येतो, म्हणून सोडलेल्या ऑर्डरची हकिकत पोच देणाऱ्या संदेशात शोभते. वस्तू हातात आल्यावर पुरावा दाखवायचा, म्हणून ‘मधलं पान उघडा’ हे वेष्टणाच्या आतल्या चिठ्ठीवर. नोकरीच्या मुलाखतीत हीच गोष्ट सांगितली की कसं काम अपेक्षित आहे ते उमेदवाराला वेगळं सांगावं लागत नाही.

सोशल मीडियावर मात्र मूळ गोष्ट रोज उगाळू नका. तिथे त्या निर्णयाचे आजचे दाखले टाका: आज कोणता दोरा नापास केला, कोणती शिवण उसवून पुन्हा घातली. मूळ गोष्ट वर्षातून दोन-चारदा सांगितली तरी भागतं. तुम्हाला ती सांगून कंटाळा आलेला असतो, ऐकणाऱ्यांतले बहुतेक मात्र ती पहिल्यांदाच ऐकत असतात. कंटाळ्यापोटी दर सहा महिन्यांनी नवी गोष्ट आणणारे ब्रँड कुठल्याच गोष्टीसाठी ओळखले जात नाहीत.

पायरी ९: गोष्टीचा नियम करा

गोष्ट टिकते ती तिच्या मागे रोजचा नियम उभा असेल तर. ‘चिकटवलेली वही बाहेर जाणार नाही’ हा नियम लिहून लावा, तो मोडायचा अधिकार कुणालाच ठेवू नका, अगदी स्वतःलाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नियम सांगा आणि त्यामागचा प्रसंगही सांगा. काही महिन्यांनी त्याच्याकडून ऐका. तो स्वतःचा एखादा प्रसंग जोडत असेल, ‘मागच्या आठवड्यात मीही एक लॉट परत शिवला’, तर गोष्ट रुजली.

यातूनच पुढचा प्रश्न सुटतो: तुम्ही नसाल तेव्हा काय? सगळा ब्रँड संस्थापकाच्या चेहऱ्यावर उभा असेल तर आजारपण, निवृत्ती किंवा विक्री यांनी तो हलतो. बॉडी शॉप २००६ मध्ये लोरिआल या बड्या सौंदर्यप्रसाधन कंपनीने ६५२ दशलक्ष पौंडांना विकत घेतलं तेव्हा अनेक निष्ठावंत ग्राहक बिथरले, कारण प्राण्यांवरील चाचण्यांना विरोध हा ज्या गोष्टीचा गाभा होता, त्याच बाबतीत नव्या मालकावर टीका होत आली होती. म्हणून काळाच्या ओघात गोष्टीचा ‘मी’ हळूहळू ‘आम्ही’ व्हावा आणि मग त्यात ग्राहक यावेत: कुणी त्या वहीत काय लिहिलं, ती किती वर्षं टिकली. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने मात्र उगाच ‘आम्ही’ लिहू नये. ‘मी’ म्हणण्यात जास्त वजन आहे.

पायरी १०: मोजा आणि वर्षातून एकदा तपासा

सोशल मीडियावरच्या लाइक्सवरून गोष्ट चालली की नाही ते कळत नाही. नव्याने चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘आमच्याबद्दल काय ऐकलंय?’ उत्तरं जशीच्या तशी एका वहीत लिहा. त्यांत तुमच्या एका वाक्याचे तुकडे दिसायला लागले की काम होतंय. लोक भलतंच काही सांगत असतील, उदाहरणार्थ ‘कागद फार छान आहे म्हणे’, तर दोन शक्यता आहेत. एक, गोष्ट नीट पोचत नाही. दुसरी, लोकांना तुमच्यात दुसरंच काही मौल्यवान वाटतंय, आणि पायरी १ चं वाक्य बदलायला हवं. दुसरी शक्यता पचायला जड जाते, पण बऱ्याचदा तीच खरी असते.

वर्षातून एकदा गोष्टीतली प्रत्येक ओळ आजच्या कामाशी ताडून पाहा. ‘प्रत्येक वही मी स्वतः शिवते’ असं लिहिलंय आणि आता चार जणी शिवतात, तर त्याच दिवशी ओळ बदला. यंत्र आणलं असेल तर तेही सांगा, आणि हाताने काय करायचं ठेवलं ते सांगा. नियम खरोखरच मोडावा लागला, तर ग्राहकाला दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही कळवा: काय बदललं, का बदललं, आणि जुन्या वचनावर माल घेतलेल्यांसाठी काय करणार आहात. जुन्या आवृत्त्या तारखा घालून जपून ठेवा. आणखी दहा वर्षांनी तुमच्या जागी बसलेल्या माणसाला गोष्ट पुन्हा लिहायची वेळ येईल, तेव्हा त्याला आधी या कागदांपासून सुरुवात करावी लागेल.